‘आवाज सोसत नाही’ म्हणणारी बाई

बाईनं काय काय सोसावं याची यादी आपल्याकडे फार जुनी आहे. कष्ट, उपासतापास, लागोपाठची बाळंतपणं, सासरची बोलणी, नवऱ्याचा हात. यातल्या एकेका गोष्टीला ‘नाही सोसणार’ म्हणायला बायकांना किती वर्षं लागली, ते या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. पण एखादी बाई ‘मला आवाज सोसत नाही’ असं म्हणाली, तर? आणि तो आवाज शिवीगाळीचा नसून शेजारी बसलेल्या माणसाच्या चावण्याचा, नाक ओढण्याचा, चमचा ताटावर घासण्याचा असला, तर?

वेंगुर्ल्यात आमच्या बायकांच्या बैठकीत हा विषय निघाला तो आडवाटेनं. बोलणं चाललं होतं काजूच्या कामाचं. बी फोडताना टरफलातलं तेल हात कसं भाजतं, दिवसभर एका जागी बसून कंबर कशी धरते, वगैरे. मशीनच्या आवाजाचा त्रास होत असेल, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर एकजण म्हणाली, ‘‘मशीनचो आवाज सोसता गो. पण घराक गेल्यार घोवाच्या जेवणाचो आवाज माका सोसना नाय.’’ हशा पिकला. ‘‘मगे कानात बोळे घाल!’’ असा सल्लाही तिला मिळाला. ती स्वतः हसली नाही. नवरा भला आहे, पीत नाही, हात उगारत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. पण तो जेवायला बसला की तिच्या छातीत धडधडतं, मुठी वळतात, उठून पळून जावंसं वाटतं. आणि त्या भल्या माणसाबद्दल मनात असं काही येतं की तिचं तिलाच भय वाटतं. बैठक उठल्यावर आणखी दोघी तिच्यापाशी जाऊन थांबल्या. एकीला मुलाच्या नाक सुरसुरण्याचा तसाच त्रास होता. दुसरीला कुकरची शिटी आणि मिक्सर असह्य होत होते, आणि भांडं आपटलं तर कानात कळ जात होती.

या तिघींचं दुखणं एकच नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. जिच्या कानात कळ जाते तिला साधा आवाजसुद्धा फार मोठा, टोचणारा लागतो. याला डॉक्टर हायपरॲक्युसिस म्हणतात. मोठ्या आवाजात बरीच वर्षं काम केल्यावर, डोक्याला मार लागल्यावर हे होऊ शकतं. चेहऱ्याच्या लकव्यातही होतं, कारण आवाजाचा धक्का कमी करणारा कानातला एक चिमुकला स्नायू चेहऱ्याच्याच नसेवर चालतो. अर्धशिशीच्या कळेत तर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात, आणि अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळते. यातल्या कितीजणी ‘डोकं धरलंय’ एवढंच सांगून चुलीपुढे उभ्या राहतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पहिल्या दोघींचं प्रकरण निराळं. तिथे आवाज किती मोठा आहे याला महत्त्वच नाही. काजूच्या मशीनची खडखड चालते, समुद्राची गाज चालते, पत्र्यावरचा पाऊस तर आवडतो. पण ठरावीक काही आवाज, बहुतेक वेळा तोंडाचे आणि नाकाचे, आणि तेही बहुधा अगदी जवळच्या माणसाचे, अंगात आग पेटवतात. राग, किळस, कोंडी, सगळं एका क्षणात. याला अमेरिकेतल्या पावेल आणि मार्गारेट जॅस्ट्रेबॉफ या संशोधक जोडप्यानं २००१ मध्ये मिसोफोनिया हे नाव दिलं. त्याचा शब्दशः अर्थ ‘आवाजाचा द्वेष’ असा होतो, आणि तो मला चुकीचाच वाटतो, कारण या बायका गाणीही ऐकतात आणि भजनालाही बसतात. मराठीत याला नाव नाही. गंमत अशी की त्रास देणाऱ्या प्रत्येक आवाजाला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे. मचमच, भुरका, सुरसुर, कुरकुर, किरकिर, फरफट. एवढं बारकाईनं ऐकणारी आपली भाषा, ऐकून जीव नकोसा झालेल्या माणसाला मात्र ‘तापट’ आणि ‘नाटकी’ यापलीकडे शब्द देत नाही.

नाटक नाही, हे आता पुष्कळ स्पष्ट झालं आहे. इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये असा त्रास असलेल्यांच्या मेंदूची चित्रं काढली. त्यांना नकोसे आवाज ऐकवले तेव्हा मेंदूचा एक विशिष्ट भाग इतरांपेक्षा फार जास्त चेतला, हृदयाचे ठोके वाढले, तळहाताला घाम फुटला. ठरवून कुणी हे करू शकत नाही. २०२१ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. दुसऱ्याच्या चावण्याचा आवाज ऐकताना या माणसांच्या मेंदूतली तोंड हलवणारी जागा जास्त जोडली जाते. जणू त्या माणसाचा जबडा आपल्याच तोंडात चालतो आहे. आमची काजूवाली मैत्रीण हेच तिच्या भाषेत सांगत होती, की तो चावतो आणि माझे दात आवळतात. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं या विकाराची एकमतानं व्याख्या केली. मानसिक आजारांच्या मोठ्या याद्यांत तो अजून आलेला नाही. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलेलं नसेल, तर नवल वाटायला नको.

आता मुद्द्याकडे येते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ब्रिटनमधली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत साधारण १८ टक्के लोकांना या प्रकारचा त्रास जाणवण्याइतका होता, आणि स्त्रिया व पुरुष यांच्यात त्या बाबतीत ठळक फरक नव्हता. म्हणजे हा ‘बायकी’ आजार नाही. दोघांच्या कानांना तेच होतं. घरात पुढे काय घडतं, ते मात्र सारखं नाही.

पुरुषाला आवाज सोसत नसला की घर गप्प होतं. ‘बाबा झोपलेत’ हे दोन शब्द कोकणातल्या कुठल्याही घरात दुपारी दोन वाजता सगळी भांडी थांबवायला पुरे होतात. सासऱ्यांना पोरांची कलकल चालत नाही, म्हणून पोरं खळ्यात जातात. नवऱ्याला मिक्सरनं झोपमोड होते, म्हणून वाटप आदल्या रात्री होतं. याला कुणी आजार म्हणत नाही. ‘त्यांचा स्वभाव तसा आहे,’ असं म्हणतात, आणि त्या स्वभावाभोवती बायकांचा दिवस आखला जातो. तेच सुनेला सोसत नसेल तर ‘हिच्या कानांना काय सोन्याचा पत्रा लावलाय?’ असा प्रश्न येतो. तिनं तोंड वाकडं केलं तर तो नवऱ्याचा अपमान ठरतो. त्यात आपल्याकडे सोलकढीचा भुरका हा रांधणारीचा गौरव! ज्या आवाजानं तिचा जीव जातो तोच तिच्या हाताच्या चवीची पावती म्हणून तिला दिला जातो, आणि तो तिनं हसून घ्यायचा.

इथे आपल्या चळवळीला एक अवघड प्रश्न पडतो. पुरुषांनी आधी जेवायचं, बायकांनी मागाहून उरलंसुरलं खायचं, या पद्धतीविरुद्ध आपण भांडलो. शिबिरांमधून, पथनाट्यांमधून ‘सगळ्यांनी एकत्र बसा, एकत्र वाढून घ्या’ हे सांगत फिरलो. त्यामागे साधा हिशेब होता. मागाहून खाणाऱ्या बाईच्या वाट्याला मासळीचं कालवण राहतं आणि तुकडी राहत नाही. तिच्या रक्तातलं लोह कमी का, याचं एक उत्तर या पंक्तीत होतं. तो लढा योग्यच होता आणि संपलेलाही नाही. पण आता एक बाई म्हणते, की मला एकटीलाच जेवू द्या. तिला काय सांगायचं?

मला वाटतं, हा त्रास आजवर कुणाच्या नजरेत आला नाही त्याचं कारणच या जुन्या पद्धतीत आहे. सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत चुलीपाशी राहणारी, वाढून झालं की मागच्या दारी जाणारी, ‘मला भूक नाही, तुम्ही बसा’ म्हणणारी बाई आज्ञाधारक सून म्हणून नावाजली गेली. त्यातली एखादी त्या मागच्या दारी निव्वळ शांततेसाठी उभी असेल, हे कुणाला कसं कळणार? तिला आसरा मिळाला तो सेवेच्या नावाखाली. आणि त्याची किंमत तिनं थंड भातानं दिली. चौकोनी कुटुंब आलं, टेबल आलं, एकत्र जेवण आलं, टीव्ही बंद करून गप्पा मारत जेवा असा आग्रह आला, आणि तो आडोसा गेला. आता ती टेबलावरून उठली की लगेच सगळ्यांच्या डोळ्यांवर येतं.

एकटीनं जेवणं आणि मागाहून जेवणं यात फरक आहे, आणि तो बारीक नाही. तिनं आधी जेवावं. गरम जेवावं. तिचं ताट तिनं आधी वाढून घ्यावं, तुकडीसकट, आणि पडवीत बसून खावं. त्या वेळात घरातल्यांनी आपापलं वाढून घ्यावं. असं होत असेल तर मला त्यात काही मागासलेलं दिसत नाही. पण ‘तिला आवाज सोसत नाही ना, मग ती मागाहून जेवेल’ असं घरानं परस्पर ठरवलं, तर तिच्या दुखण्याचं निमित्त करून जुनी पंगतच परत आली असं मी म्हणेन. कार्यकर्त्यांनी घरी गेल्यावर हे विचारायला हवं : कोण कधी जेवतं, कोण वाढतं, आणि हे कुणी ठरवलं?

आणखी एका गोष्टीची गल्लत होऊ देता कामा नये. मार खाणाऱ्या बाईलाही आवाज सोसत नाहीत. मोटरसायकल दारात थांबल्याचा, कडी वाजल्याचा, पट्ट्याच्या बक्कलचा. त्या आवाजांनी ती दचकते, गार पडते, मुलांना आत ढकलते. तो तिच्या शरीरानं शिकून ठेवलेला इशारा आहे, आणि पुष्कळदा तो तिला वाचवतो. अशा बाईला श्वासाचे व्यायाम शिकवून आणि कानाचे बोळे देऊन घरी पाठवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळणं. आवाज कुठला, तो ऐकल्यावर राग येतो की भीती वाटते, भीती वाटत असेल तर त्या आवाजानंतर आजवर काय घडत आलं आहे, हे तिला एकटीला गाठून विचारलं पाहिजे. सासूसमोर विचारून उपयोग नाही. उत्तर मारहाणीचं असेल तर पुढचा रस्ता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा आहे, डॉक्टरचा नंतर.

दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर ते अर्धवट होईल. आवाज न सोसणारी बाई कधीकधी स्वतः दुसऱ्याला दुखावते. बहुतेक वेळा पोटच्या मुलांना. चुरमुरे कुरकुर वाजवणाऱ्या सहा वर्षांच्या पोराच्या हातातली वाटी हिसकावून घेणारी आई मला माहीत आहे, आणि त्यानंतर रात्रभर रडणारीही तीच. मूल चावतं हा त्याचा गुन्हा नव्हे. तिला त्रास होतो हाही तिचा गुन्हा नव्हे. पण घराला मिटक्यासुद्धा मारायची बंदी घालून हा प्रश्न सुटत नाही. घर जितकं चिडीचूप तितका उरलेला एकेक आवाज कानात जास्त घुसतो, असं या बायकाच सांगतात. शिवाय भीतीनं गप्प बसलेलं घर आपण पुरुषाच्या धाकाखाली पाहिलंच आहे. ते बाईच्या धाकाखाली हवं असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही.

हा त्रास बहुधा सुरू होतो तो लहानपणाच्या शेवटी, वयात येण्याच्या सुमाराला. मुलींच्या बाबतीत हे फार वाईट जुळून येतं. त्याच वेळी पाळी सुरू झालेली असते, ‘आता जपून वाग’ सुरू झालेलं असतं. अशात ती वडिलांच्या शेजारून ताट उचलून निघून जाते, आजीच्या खाकरण्यावर चिडते, कान झाकते. घर म्हणतं, शेफारली. मग तिला मुद्दाम वडिलांच्या समोर बसवलं जातं, सवय व्हावी म्हणून. सासरी कसं होणार हीही काळजी लगेच पुढे येते. अशी सक्तीची सवय लावून मिसोफोनिया बरा झाल्याचं दिसत नाही, उलट राग वाढतो आणि ज्या माणसाचा आवाज असतो त्याच्याशी नातं तुटतं. बाप-लेकीत विनाकारण कायमची अढी बसलेली घरं मी पाहिली आहेत. ‘तुला बाबांचा राग येत नाही, त्या आवाजाचा येतो,’ एवढं एक वाक्य बारा वर्षांच्या मुलीला कुणी वेळेवर सांगितलं, तर तिच्या डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं.

घराबाहेरच्या आवाजाचं म्हणाल, तर तिथे निदान कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई केली. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढाच अपवाद. महाराष्ट्रात या लढ्याचा पाया घातला तो मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी, १९८० च्या दशकात उच्च न्यायालयात जाऊन. पुढे सुमैरा अब्दुलाली यांनी आवाजाची मोजणी करत तो नेटानं चालवला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं, की लाऊडस्पीकर लावणं हा कुणाचा धार्मिक हक्क नाही.

पण या सगळ्यात बायकांनी विसरू नये असं एक प्रकरण आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जुलै २००५ चा जो निकाल सगळेजण दाखवतात, त्यातली एक याचिका अनिल मित्तल या इंजिनिअरनं केली होती, आणि ती करण्यामागे जानेवारी १९९८ मध्ये वर्तमानपत्रात आलेली एक बातमी होती. तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. ती ओरडत होती. शेजारी लाऊडस्पीकरवर गाणी लागली होती, त्यात तिची हाक कुणाला ऐकू आली नाही. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःला जाळून घेतलं. शांतता मागणं हे रिकामटेकड्या, सुखवस्तू लोकांचं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा निकाल वाचावा. गोंगाटात बाईची हाक बुडते, हे त्यात पहिल्याच पानांवर आहे.

आमच्याकडे वेंगुर्ल्यात गणपतीत घरोघरी भजनं होतात. वाडीतली मंडळी रात्री एका घरातून दुसऱ्या घरात जातात, पखवाज, झांजा, टाळ. घरच्या बाईनं उसळ आणि चहा करून वाढायचा. माझा त्या भजनावर राग नाही, ते या मातीतलं आहे. पण कौलारू घराच्या छोट्या ओटीवर वीस-पंचवीस झांजा एकदम वाजतात, तेव्हा आतल्या खोलीत अर्धशिशीनं डोकं बांधून एखादी बाई उसळीला फोडणी देत असेल, तर तिला ‘मी आज शेजारी जाऊन झोपते, उसळ तुम्ही करा’ असं म्हणता आलं पाहिजे. डीजेची गोष्ट वेगळी. तिथे तक्रारच करायची. वाडीत बाईनं तक्रार केली की ती ‘वाडीच्या विरोधात गेली’, आणि वर्षभर तिच्या घरी कुणी हळदीकुंकवाला येत नाही. म्हणून हे माहीत असू द्या : जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पोलिसांना सांगितलं आहे, की लाऊडस्पीकरच्या तक्रारीवर कारवाई करताना तक्रार करणाऱ्याची ओळख विचारू नये आणि उघड करू नये. ११२ ला फोन करताना याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

मात्र काजूवाल्या मैत्रिणीच्या उपयोगी यातलं काहीच नाही. चावण्याचा आवाज कुठल्याही मीटरवर गुन्हा ठरत नाही. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात जे २१ प्रकार दिले आहेत त्यात स्वमग्नता आहे, आणि स्वमग्न माणसांना आवाजाचा फार त्रास होतो हे आता सगळे मानतात; पण नुसत्या मिसोफोनियाला तिथे जागा नाही. म्हणजे तिला जे मिळवायचं ते घरात, बोलून, पटवून मिळवायचं. आणि घरात बोलायचं बळ एकटीत येत नाही, हे आपण दुसऱ्या सगळ्या प्रश्नांत पाहिलं आहे.

म्हणून थोडं आपल्याविषयी. आपली चळवळ आवाजाची आहे. १९७० च्या दशकात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या, तेव्हा घरातलीच भांडी सरकारच्या कानांवर आपटली गेली. ‘आवाज उठवा’ हे आपलं पहिलं वाक्य. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवलं त्यांनी हेच म्हणायला हवं होतं. पण या सवयीमुळे शांतता मागणारी बाई आपल्याला भित्री किंवा माघार घेणारी वाटू लागते. बाईला गप्प करणं आणि बाईला शांतता मिळू न देणं, दोन्हीत तिचं कुणी ऐकलेलं नसतं. शिबिरात पहाटे पाच वाजता डफ बडवून उठवणं, चाळीसजणींना एका हॉलमध्ये झोपवणं, माईक फुल करून गाणी, आणि जी बाहेर जाऊन बसते तिला ‘मिसळत नाही’ म्हणणं, हे आपण थांबवू शकतो. एक खोली बाजूला ठेवायला पैसे लागत नाहीत. जेवणाच्या वेळी कुणी ताट घेऊन झाडाखाली गेली तर कारण विचारू नये.

आता, जिला हा त्रास आहे तिनं काय करावं? आधी कान दाखवावा. ऐकू कमी येतं का, कानात सतत घूं घूं होतं का, आवाजानं खरोखर दुखतं का, अर्धशिशी आहे का, हे पाहून घ्यावं. दिवसभर कानात कापूस किंवा बोळे घालून राहू नये. त्यानं मेंदू उलट आवाज वाढवून ऐकायला लागतो आणि बोळे काढले की त्रास दुप्पट वाटतो. तासभराच्या पंगतीसाठी, एसटीत मोबाईलवर रील लावून बसणाऱ्या शेजाऱ्यासाठी ते वापरावेत, मग काढून ठेवावेत. जेवताना घरात दुसरा एखादा सौम्य आवाज असू द्यावा. पंखा चालतो, हळू लावलेला रेडिओ चालतो. आमच्याकडे चार महिने पाऊस फुकट आहे. झोप कमी झाली, पाळी जवळ आली, अंगात कणकण असली की हा त्रास वाढतो असं पुष्कळजणी सांगतात. त्या दिवशी पाहुण्यांचं जेवण अंगावर घेऊ नये.

घरातल्या एका माणसाला तरी सांगावं, आणि सांगायचं ते जेवण चालू असताना नाही. भडका उडालेला असताना निघालेलं वाक्य आरोपच होतं. दुसऱ्या दिवशी, कामं उरकल्यावर, ‘तुमचं काही चुकत नाही, माझ्या डोक्यात असं होतं’ इथून सुरुवात करावी. काजूवालीनं असंच केलं. नवरा आधी गप्प बसला, मग म्हणाला, की मी पाणी पितो त्याचाही त्रास होतो का? होतो, ती म्हणाली. तेव्हापासून तो रेडिओ लावून जेवतो. भुरके बंद झालेले नाहीत.

यावर गोळी नाही. विचारांची आणि भडक्याची दिशा बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा काहींना चांगला उपयोग झालेला आहे. त्रास जात नाही, पण आटोक्यात येतो. तसं समुपदेशन आपल्या भागात सहज मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कानासाठी ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे, आणि पुष्कळजणी इथून गोव्यात बांबोळीला जातात. कुठेही गेलात तरी दोन मिनिटांत सांगायची तयारी करून जा, कारण तेवढाच वेळ मिळतो. कुठले आवाज, कुणाचे, कधीपासून, दुखतं की राग येतो की भीती वाटते, आणि त्यापायी तुम्ही काय काय टाळायला लागलात. कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणाला सोबत घ्या. नवरा सोबत असला आणि तोच तुमच्या वतीनं बोलायला लागला, तर त्याला बाहेर बसायला सांगा.